मुलांच्या कपड्यांची अदलाबदल सुरू करताय? या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही नागपुरातल्या प्रतापनगरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ टाकली, ‘मुलांना लहान झालेले कपडे आणून द्या’. दोन दिवसांत समाजभवनाची खोली पोत्यांनी भरली. एका पायाचा मोजा, चेन तुटलेला जरीचा फ्रॉक, कुणाच्या तरी आजोबांचं धोतर. (धोतर मात्र मऊसूत होतं, त्याची दुपटी झाली.) बाकीचं निस्तरायला महिना गेला. कपडे मिळतील का, ही काळजी करू नका, ते येतातच. गाडी अडते ती घेणाऱ्यांपाशी.

तेव्हा ‘असेल ते द्या’ म्हणूच नका. आम्ही आता देणाऱ्यासमोरच पिशवी उघडतो. आपल्या भाचीला हे घालाल का, एवढंच विचारायचं. इलास्टिक ढिलं असेल तर बदलता येतं, बटण लावता येतं, तेलाचा जुना डाग मात्र जात नाही. परत न्या म्हणताना वाईटपणा येतो, तो घ्यायचा. तरीही मागे राहतं ते बोहारणीला द्या. आमच्या स्टीलच्या दोन बादल्या तशाच आल्यात.

कपडे साठवताना डांबराच्या गोळ्या टाकू नका. सगळ्यांच्या घरची सवय आहे, पण त्यातल्या नॅप्थलीनमुळे काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो. आलेला प्रत्येक कपडा, धुऊन आणला म्हटलं तरी, गरम पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पिशवीत आठवडाभर बंद ठेवा. खरजेचे किडे अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाहीत. तान्ह्यांच्या कपड्यांची सैल बटणं आणि टोपीच्या गळ्याशी असलेल्या नाड्या काढून टाका.

वयाच्या लेबलवर विसंबू नका. एका कंपनीचा चार वर्षांचा शर्ट दुसऱ्या कंपनीच्या सहा वर्षांच्या शर्टाएवढा निघतो. टेपनं छाती आणि लांबी मोजून चिठ्ठी लावा.

आता खरी गोष्ट. पहिल्या रविवारी आम्ही फलक लावला होता, ‘गरजूंसाठी मोफत’. दोन तास कुणी फिरकलं नाही. मग कडेवर मूल घेतलेली एक बाई फाटकाशी थांबली, फलक वाचला आणि म्हणाली, “आमी काई मांगाले नाई आलो जी.” गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. मोठ्याचं झबलं धाकट्याला घालायची आपली रीतच आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा फलकात होता. पुढच्या वेळी ‘अदलाबदल’ एवढंच लिहिलं आणि आमच्याच पोरांसाठी आम्ही त्याच रांगेत उभ्या राहिलो. धरमपेठेतून गाडीनं आलेली आई आणि शेजारच्या वस्तीतली आई एकाच चळतीतून फ्रॉक निवडू लागल्या. हँगरवर लावा, आरसा ठेवा, निवड मुलाला करू द्या. रंग आवडला नाही तर ते ठेवून जाईल, जाऊ द्या.

‘तीन द्या, तीन घ्या’ हा हिशेब न्यायाचा वाटतो, पण पहिलंच मूल असलेल्या आईकडे द्यायला असतं काय? आम्ही वही बंद केली. देण्याची वेळ शनिवारी, घेण्याची रविवारी, म्हणजे कोण रिकाम्या हातानं आलं हे दिसतच नाही. माणशी पाच कपडे, बस्स.

गणवेशाच्या कॉलरच्या आत मार्करनं लिहिलेलं नाव राहू देऊ नका. आमच्याकडून गेलेला शर्ट घालून एक मुलगा शाळेत गेला, तर नाववाला त्याच वर्गात! पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत जाईना. आता आम्ही ते नाव पुसतो, नाही पुसलं गेलं तर वर पट्टी शिवतो.

वेळापत्रक नागपूरचं धरा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून गणवेश जूनच्या मध्यावरच मांडा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मिरवणारी पोरं नटलेली असतात, त्याआधी धोतर-कुडते मागतात. पारा डिसेंबरात 10 अंशांखाली उतरतो, पण स्वेटर ऑक्टोबरपासूनच वेगळे काढा.

संस्थेच्या नोंदणीसाठी सुरुवातीलाच धावू नका. आधी चार-सहा महिने चालवून बघा. वर्गणी जमायला लागली की मात्र टाळू नका. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान 7 सभासद लागतात, शिवाय 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करावी लागते. कपड्यांवर 80जी ची, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची, पावती मागणारे भेटतील. ती सवलत पैशांच्या देणगीवर असते, वस्तूंवर नाही, हे आधीच सांगा. रोखीनं 2000 रुपयांवर दिलं तरी ती मिळत नाही.

आणि देणाऱ्याला फोटो हवा असतो. मुलाचा काढू देऊ नका. घडी घातलेल्या चळतीचा काढा.