मुंबई-पुणे विमानाने: अंतर आणि वेळ कशी काढायची

मुंबई-पुणे अंतर शोधलं की तीन आकडे हाती येतात: १२४, १५० आणि १९२ किलोमीटर. तिन्ही बरोबर आहेत. १२४ हे दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर. १५० च्या आसपास रस्त्याने पडतं, त्यातला ९४.५ किलोमीटरचा टप्पा एक्सप्रेसवेचा. आणि सीएसएमटीहून रेल्वेने १९२, कारण गाडी आधी कल्याणला जाते आणि मग कर्जतकडे वळून बोरघाट चढते. विमानाच्या हिशेबात फक्त पहिला आकडा धरायचा.

तो घरी काढता येतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, पुण्याचं लोहगाव विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. अक्षांशातला फरक ०.५१ गुणिले १११, म्हणजे साधारण ५७ किलोमीटर. रेखांशातला फरक १.०५, पण त्याला १११ ने गुणू नका. विषुववृत्तापासून लांब जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. आपल्याकडे एका अंशाला १०५ धरा, म्हणजे ११०. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १२४.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते. जेट ताशी ८०० ने जातं, म्हणून १२४ भागिले ८००, म्हणजे नऊ मिनिटं! इतक्या कमी अंतरात विमान त्या वेगाला पोहोचतच नाही. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. वर चढून होतं न होतं तोच उतरायची तयारी. शिवाय मुंबईत बहुतेक वेळा पश्चिमेकडे, समुद्रावर उड्डाण होतं आणि मग वळसा घालून पूर्वेला यावं लागतं. म्हणून छोट्या मार्गाला भागाकारात ढोबळमानाने अर्धा तास मिळवा. वेळापत्रकात त्याहून जास्त, पाऊण ते एक तास दिसेल, कारण ती वेळ विमान जागचं हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपाशी रांगेत गेलेली मिनिटंही तिच्यात येतात.

आता दादर ते कोथरूड बघा. विमानतळापर्यंत ४५ मिनिटं, उड्डाणाआधी ९०, विमानाची ५५, बॅगेची २०, लोहगावहून कोथरूड ४५. झाले सव्वाचार तास. घाटात कोंडी नसेल तर गाडीने साडेतीन. फक्त पुण्याला जाण्यासाठी विमान घेण्यात अर्थ नाही, हे स्पष्टच आहे.

अर्थ आहे तो पुढचं विमान जोडायचं असेल तेव्हा, आणि तेही एकाच पीएनआरवर. मग बॅग सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जाते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय कंपनी बघते. तिकिटं वेगळी काढली तर बॅग स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. मध्ये किमान तीन तास ठेवा.

बुकिंग करताना ‘नॉनस्टॉप’ची खूण लावा. या मार्गावरची थेट विमानं सुरू होतात, बंद पडतात. ती नसली की साइट दिल्ली किंवा बंगळूरमार्गे सहा-सात तासांचा प्रवास बिनदिक्कत पुढे करते. तिकिटावरचा कोडही वाचा: बीओएम म्हणजे अंधेरी-सांताक्रूझकडचं जुनं विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं, पनवेलजवळचं. बीओएम असेल तर टर्मिनल एक की दोन, हेही टॅक्सीत बसण्याआधीच बघा.