हिरवा दिवा बघून निवांत बसू नका: लोड बॅलन्सर लावताना या चुका टाळा

दोन सर्व्हर, पुढे येणाऱ्या रिक्वेस्ट त्यांच्यात वाटणारा लोड बॅलन्सर म्हणून एन्जिनएक्स, आणि निकालाचा दिवस. बेळगावातल्या एका कॉलेजची साइट तेव्हा माझ्याकडे होती. दुपारी खानापूर, निपाणीकडून पोरांचे फोन सुरू झाले. "सर, नुसतं एररच येतंय की ओ!" बघतो तर पहिल्या सर्व्हरचा डेटाबेसशी संबंध तुटलेला, तरी बहुतेक रिक्वेस्ट त्याच्याकडेच चाललेल्या. दुसरा माशा मारत बसलेला.

मी 'लीस्ट कनेक्शन' लावलं होतं: ज्याच्याकडे उघडी कनेक्शन कमी, पुढची रिक्वेस्ट त्याला. धडधाकट सर्व्हर निकाल शोधून पान बनवायला अर्धा सेकंद घ्यायचा. आजारी सर्व्हर काही न शोधता चार-पाच मिलिसेकंदांत ५०० एरर (सर्व्हरच्या आत बिघाड) फेकून मोकळा, आणि मोकळा म्हणून पुन्हा त्यालाच काम! एखाद्या कारकुनासमोर रांग नाही म्हणून सगळ्यांना त्याच्याच खिडकीवर धाडावं, आणि तो प्रत्येकाला "उद्या या" सांगत असावा, तसं झालं.

चूक माझीच. एन्जिनएक्स मुळात ५०० ला अपयश धरतच नाही. कनेक्शन तुटलं, टाइमआउट झालं, तर धरतो. कॉन्फिगमधल्या 'प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम' या ओळीत (अपस्ट्रीम म्हणजे मागचे सर्व्हर) ५०० जोडा. मग ती रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे वळते आणि बिघडलेला १० सेकंद बाजूला बसतो, कारण 'मॅक्स फेल्स' (किती अपयशं झाली की बाजूला करायचं) मुळात १ असतं. अपस्ट्रीममध्ये 'झोन'ची (सामाईक मेमरीची) ओळही हवी, नाहीतर एन्जिनएक्सचा प्रत्येक वर्कर, म्हणजे एकेक प्रोसेस, आपापल्या वहीत हिशेब ठेवतो. पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्म किंवा फी भरताना जाते ती) एकदा सर्व्हरकडे गेली की आपोआप दुसरीकडे पाठवली जात नाही. ते तसंच राहू द्या. फी दोनदा कापली गेली तर पालकांना उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

एचएप्रॉक्सी हा दुसरा लोड बॅलन्सर वापरणाऱ्यांची चूक निराळी. तिथे दर २ सेकंदांनी तपासणी होते, ३ दा नापास झाला की सर्व्हर बाहेर, २ दा पास झाला की आत. पण नुसतं 'चेक' लिहिलंत तर पोर्ट उघडा आहे एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर हिरवा दिवा लागतो. एक छोटं पान करा, त्यात डेटाबेसला एक साधी क्वेरी मारा आणि ते पान तपासायला लावा. धोका असा, की डेटाबेस सामाईक असेल आणि तोच बसला, तर दोन्ही सर्व्हर एकदम बाहेर. निकालाची साइट डेटाबेसविना तशीही निरुपयोगी, म्हणून मी ही तपासणी ठेवतो. नुसत्या माहितीच्या साइटला ठेवणार नाही.

बरा झालेला सर्व्हर परत येताना त्याची कनेक्शन शून्य असतात. टिळकवाडीचं रेल्वे गेट उघडल्यावर कसे सगळे एकदम घुसतात, तशी गर्दी त्याच्यावर पडते. एचएप्रॉक्सीत 'स्लोस्टार्ट' ३० सेकंद ठेवलं की वाटा हळूहळू वाढतो.

एन्जिनएक्सचा 'आयपी हॅश' (येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवणं) तर शक्यतो नकोच. आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग तो बघतो. कॉलेजची अख्खी लॅब एकाच पत्त्यावरून येते, मोबाइलवाले हजारो जण मोजक्या पत्त्यांमागे असतात, म्हणून सगळा भार एकाच सर्व्हरवर पडू शकतो. लॉगिन टिकवायला सेशन रेडिसमध्ये, म्हणजे दोन्ही सर्व्हरना दिसेल अशा सामाईक साठ्यात, ठेवा.

आणि एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये 'अपस्ट्रीम अ‍ॅड्रेस', 'अपस्ट्रीम स्टेटस' आजच जोडा. कुठली रिक्वेस्ट कुणाकडे गेली हे मूळ लॉग सांगत नाही. त्या दिवशी मला दोन्ही सर्व्हरवर वेगवेगळं शिरून बघावं लागलं, आणि एका हातात फोन वाजतच होता.