लेकीचे आफ्रो केस: गुंता कसा सोडवायचा आणि कुणाचं ऐकायचं नाही

माझा नवरा आफ्रिकन-अमेरिकन. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आणि लेकीने केस बापाचे घेतलेत. बारीक, घट्ट वळ्यांचे. ओले करून ओढले तर पाठीपर्यंत येतात, सोडले की कानाशी जाऊन बसतात. केशतज्ज्ञ आंद्रे वॉकर यांच्या नावाने जी वर्गवारी चालते तिच्यात हा चौथा प्रकार, त्यातल्या सगळ्यात घट्ट वळ्यांना ४-सी म्हणतात. कृष्णवर्णीय घरांत मुली हे सगळं आईच्या नाहीतर आजीच्या गुडघ्यांत बसून शिकतात. ज्या घरात मुलीचे केस असे आणि आई, मावशी, आजी सगळ्या सरळ केसांच्या, त्या घरासाठी हे लिहिते आहे.

आधी नातेवाइकांचे सल्ले निकालात काढू.

"पुन्हा एकदा जावळ काढा, सरळ येतील." नाही येणार. केसाचा आकार टाळूच्या आत ठरतो. या केसांची मुळाची पिशवीच वाकडी असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. वस्तरा फिरतो तो वरच्या वर.

"हिचे केस वाढतच नाहीत." वाढतात, महिन्याला सेंटीमीटरभर, जरा कमीच. वळ्यांमुळे ते आखूड दिसतात, आणि शेंडे तुटत राहिले तर वाढ दिसतच नाही.

"रोज तेल चोपड." हा सगळ्यात चिवट सल्ला. टाळूला सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, इथे ते वळणावळणावर अडतं, म्हणून शेंडे कायम कोरडे. त्यांना हवं असतं पाणी. तेल पाणी देत नाही, आधी दिलेलं पाणी उडू देत नाही एवढंच. खोबरेल तेलावर माझा राग नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावलं तर केसातली प्रथिनं कमी जातात, हे २००३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी दाखवलं. तेव्हा लावायचं ते न्हाण्याच्या आदल्या रात्री. रोज सकाळी कोरड्या केसांवर थापायचं नाही.

१. वेण्या उतरवा

आधीच्या वेण्या सोडल्यावर लगेच नळाखाली डोकं धरू नका. प्रत्येक वेणीच्या मुळाशी धूळ, कोंडा आणि गळलेल्या केसांचं एक राखाडी कडं जमलेलं असतं. ते आधी बोटांनी मोकळं करून काढायचं. तसंच भिजवलंत तर त्याचा नमदा होतो, आणि मग कात्रीशिवाय इलाज उरत नाही. वेण्या सहा-आठ आठवड्यांच्या वर ठेवायच्या नाहीत, त्याही याच कारणासाठी.

२. धुवा

आठवड्या-दहा दिवसांतून एकदा, सौम्य शॅम्पू, फक्त टाळूला. केस डोक्यावर गोळा करून घुसळायचे नाहीत.

३. गुंता सोडवा

इथे घाई केली की केस हातात येतात. मला सगळ्यात जड गेलं ते हेच, कारण माझे हात सरळ केसांवर तयार झालेले: फणी डोक्याला लावायची आणि खाली ओढायची. या केसांत प्रत्येक वळण ही तुटायची जागा असते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातला कंगवा काढून बाजूला ठेवला. "कंगवा शेवटी," म्हणाल्या. "गाठ कुठे आहे ते आधी बोटांना कळू दे."

केस ओले हवेत, पण पाणी गळत नको. डोक्याचे चार भाग करा, केस दाट असतील तर आठ. एक भाग मोकळा, बाकीचे चिमट्यात. मग कंडिशनर. बाटलीवर नाण्याएवढं घ्या असं लिहिलेलं असतं, ते तुमच्या-माझ्या केसांसाठी. इथे केस बुळबुळीत लागेपर्यंत लावायचं, भेंडी चिरल्यावर बोटं होतात तसे. एका न्हाणात पाव बाटली संपली तरी जीव खालीवर करू नका. त्यात कंजुषी केलीत तर पुढचा सगळा वेळ वाया.

आता बट हातात घ्या आणि गाठीच्या वर, मुळाच्या बाजूला, मुठीत घट्ट धरा. ओढ मुठीत थांबली पाहिजे, टाळूपर्यंत जाता कामा नये. पोरं रडतात ती याच्यामुळे. सुरुवात शेंड्याकडच्या दोन बोटं लांबीपासून. तेवढं सुटलं की दोन बोटं वर. गाठ लागली की ती खाली ओढायची नाही, दोन्ही हातांनी आडवी फाकवायची. सुटत नसेल तर आणखी पाणी, आणखी कंडिशनर, दोन मिनिटं थांबा आणि दुसऱ्या बाजूने शिरा. गाठीच्या मधोमध एखादा गळलेला केस बाकीच्यांना गुंडाळून बसलेला असतो. तो निघाला की बाकी आपोआप मोकळे होतात.

बोटं मुळापासून शेंड्यापर्यंत न अडता गेली, की मगच रुंद दातांचा कंगवा, तोही शेंड्याकडूनच. कान उघडे ठेवा. कट्‌ कट्‌ असा बारीक आवाज आला की थांबा, केस तुटतायत. बारीक दातांची फणी उवांसाठी ठेवा.

झालेला भाग लगेच दोन पेडांत सैल पिळून बाजूला करा, नाहीतर पुढच्या भागावर जाईपर्यंत तो पुन्हा गुंतलेला असतो.

हातात केसांचा भलामोठा गोळा येईल. घाबरू नका. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतात; सरळ केसांचे उशीवर, जमिनीवर पडतात, इथे वळ्यांतच अडकून राहतात आणि आठवड्याचा हिशेब एकदम समोर येतो. त्यातला एक केस उजेडात धरून बघा. एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो आपणहून गळलेला. ठिपका नसलेले आखूड तुकडे जास्त असतील तर तुम्ही तोडताय. हात हलका करा. शेंड्याजवळ एकट्या केसाने स्वतःशीच मारलेली, जेमतेम दिसणारी गाठ सापडते. ती सोडवत बसू नका, तिच्या जरा वर कात्री लावा.

कोरड्या केसांवर स्प्रे मारून ब्रशने सपासप विंचरणारे व्हिडिओ बंद करा. आणि पोर कंटाळली तर थांबा. अर्धं डोकं आज, अर्धं उद्या, काही बिघडत नाही. मांडीत दाबून धरून एका बैठकीत संपवलंत तर पुढच्या वेळी कंगवा बघूनच ती पळेल, आणि पळेल तर तिचं बरोबर आहे.

४. ओलावा आत कोंडून ठेवा

कंडिशनर धुवा. ओल्या केसांवरच न धुण्याचं कंडिशनर, त्यावर थोडं तेल, त्यावर क्रीम किंवा शिया बटर. घाना, बुर्किना फासोकडच्या बायका शियाच्या बियांपासून ते काढतात. तळहातावर चोळून पातळ करून लावा.

५. बांधा

दोन पेडांचे पीळ, वेण्या, कॉर्नरो (टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांच्या रांगा), जे लेकीला आवडेल ते. मोकळा आफ्रो हवा असेल तर तोही, त्याला आवरून बसवण्याची गरज नाही. फक्त घट्ट बांधू नका. "घट्ट वेणी घातली की केस वाढतात" हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सतत ओढ बसली की कपाळावरची आणि कानशिलांवरची केसांची रेषा मागे सरकते, आणि फार दिवस चाललं तर ती मुळं कायमची जातात. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या दिसल्या किंवा मुळाशी पुटकुळ्या आल्या तर त्याच रात्री सोडा, पार्लरला कितीही पैसे मोजलेले असोत.

६. रात्री सॅटिनची टोपी. सुती उशी ओलावा शोषते.

राहिला प्रश्न "सरळच करून टाक"चा. लहान मुलीच्या डोक्याला रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं रसायन, लावायचा नाही, यावर मी वाद घालत नाही. बऱ्याच रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, त्याने टाळू भाजते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३३ हजारांहून जास्त बायकांची पाहणी छापली: केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, पण मला थांबायला एवढं पुरे.

शाळेकडून केसांबद्दल चिठ्ठी आली तर गप्प बसू नका. २०१८ च्या डिसेंबरात न्यू जर्सीत एका शाळकरी कुस्तीपटूपुढे पंचाने पर्याय ठेवला, ड्रेडलॉक (केसांच्या जटा) काप नाहीतर सामना सोड, आणि सगळ्यांसमोर त्याचे केस कापले गेले. बरोबर एका वर्षाने राज्याने क्राउन कायदा केला. कॅलिफोर्नियाने तो २०१९ च्याच जुलैत सगळ्यांत आधी केला होता. केसांच्या पोतावरून, वेण्यांवरून, ड्रेडलॉकवरून भेदभाव करायला तो मनाई करतो. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं, म्हणून आपल्या राज्यात काय आहे ते आधी तपासा, आणि शाळेला उत्तर लेखीच द्या.