तिरप्या उन्हातलं काळवीट टिपताना

सूर्य क्षितिजापासून हातभर वर असतानाचं सोनेरी ऊन कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची रंगछटा आपोआप सम करणारी सोय) बऱ्याचदा पुसून टाकतो. म्हणून तो डेलाइटवर किंवा 5500 ते 6000 केल्विनवर (प्रकाशाच्या रंगाचं माप) ठेवा आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्या.

खरी अडचण एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा याची. नराची पाठ काळी, पोट पांढरं. काळी पाठ फ्रेमभर आली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर फसतो, प्रकाश वाढवतो आणि पोटावरचे केस जळून सपाट पांढरे होतात. अशा वेळी एक्स्पोजरला −0.7 स्टॉप भरपाई द्या (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), हिस्टोग्रामची, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाची, उजवी उजळ कड पाहा. सूर्य प्राण्याच्या मागे असेल तर मागे गडद झाडी येईल अशी जागा धरा आणि −1 ते −1.3 वर या. कानांच्या कडेचे केस तारेसारखे उजळतात. लेन्सवर हूड (आडवं ऊन अडवणारी कड) हवंच.

शटरचा वेग चरणाऱ्या प्राण्याला 1/500, उडी मारणाऱ्याला 1/2000 सेकंद. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तरी चालेल, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. फोकस एका बिंदूवर, डोळ्यावर. रुंद क्षेत्र ठेवलं की पुढचं गवतच पकडलं जातं. मान सूर्याकडे वळेपर्यंत थांबा, डोळ्यात ठिपका चमकला की बटण दाबा.

संध्याकाळी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, लांबचा फोटो मऊ येतो. त्यावर महागडी लेन्सही उपाय नाही, अंतर कमी हवं. पण कळपानं चरणं सोडून माना वर केल्या, की तिथेच थांबा.