मॅकडोनेल पर्वतरांग: घळींची वेळ आधी साधा

ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्जहून पश्चिमेकडील मॅकडोनेल पर्वतरांगेत जाणारे प्रवासी वाटेत लागेल तिथे रेंगाळतात आणि स्टँडली चॅझम या अरुंद घळीत सावली पसरल्यावर पोहोचतात.

१. या पर्वतरांगेतील राष्ट्रीय उद्यानाचा परवाना शहरातच ऑनलाइन काढावा. पुढे मोबाइलला सहसा रेंज मिळत नाही.

२. सकाळी लवकर १८ किलोमीटरवरील सिम्पसन्स गॅप या घळीत जावे, तेव्हा खडकांवर वॉलबी (कांगारूसारखा छोटा प्राणी) दिसण्याची शक्यता अधिक असते.

३. बारापूर्वीच स्टँडली चॅझमच्या घळीत उभे राहावे, कारण तिच्या अरुंद, उभ्या भिंती मध्यान्हीच्या उन्हात थोडाच वेळ तांबूस उजळतात (तिकीट वेगळे आहे, पण ते वसूल होते).

पुढे ऑकर पिट्स या गेरूच्या खाणींच्या रंगीत थरांतून इथले मूळनिवासी अरेर्न्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या विधींसाठी गेरू घेत आले आहेत. तिथला खडाही उचलू नये.