टॉप बॉक्सचा खटका तुटला? चिकटवण्याआधी या चुका टाळा

चोर्ल्याच्या रस्त्यानं दुचाकीवरून बेळगावहून साखळीला निघाले होते. कणकुंबीच्या अलीकडे मागून ‘ठक्’ असा आवाज आला. खड्डा होता, आवाज यायचाच, म्हणून लक्ष दिलं नाही. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारमारून थांबवलं तेव्हा सीटमागच्या सामानाच्या बॉक्सचं झाकण आ वासून उघडं, रेनकोट रस्त्यावर आणि मावशीसाठी घेतलेला कुंद्याचा डबा गटारीत. खटक्याची पिन ज्या दोन प्लास्टिकच्या कानांत बसते, त्यातला एक कान गायब होता. हाच कान मी पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या कौतुकानं चिकटवला होता.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांना तो तुटका खटका दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, “गमाचं काय घेऊन बसलीयस? जोर कुठं येतोय ते बघ की आधी.” तेव्हापासून स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या मिळून बऱ्याच बॉक्सचे खटके दुरुस्त केले. लोक चुकतात ते बहुतेक त्याच त्या ठिकाणी.

पहिली चूक माझीच, सुपरग्लूची. हा गोंद सरळ ओढीला चांगला टिकतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. खटक्यावर सरळ ओढ कधीच नसते. खड्ड्यात झाकण वर उसळतं आणि जोड कडेनं उचकटला जातो, तिथं हा गोंद हात टेकतो. त्यावर खायचा सोडा भुरभुरला की क्षणात दगड होतो, हे खरंय. पण तो दगडही ठिसूळच. जिथं जोर येत नाही असा कोपरा भरायला सोडा ठीक आहे, पिनच्या कानाला नाही.

दुसरी चूक म्हणजे प्लास्टिक कुठलं ते न बघता हात घालणं. खटका काढून आतल्या बाजूला बघा, बारीक इंग्रजी अक्षरांत एबीएस, पीपी किंवा पीए अशी प्लास्टिकची जात उमटवलेली असते. पीए म्हणजे नायलॉन, आणि पुढं जीएफ 30 असेल तर त्यात 30 टक्के काचतंतू आहेत. खूण नसेल तर ब्लेडनं एक बारीक कपची काढून पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस आणि नायलॉन बुडतात. बुडलेल्या कपचीला ॲसिटोनचा थेंब लावा. चिकट झाली तर एबीएस समजा, नायलॉनला ढिम्म काही होत नाही.

एवढी तपासणी करायची कारण पुढचा मार्ग प्रत्येकाचा वेगळा. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचे भुगे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवून मधासारखी पेस्ट करायची आणि चिरेत भरायची. चिकटवणं म्हणण्यापेक्षा हे प्लास्टिक पुन्हा एकजीव करणं आहे. 24 तास हात लावायचा नाही, आणि गॅसजवळ तर हे काम करायचंच नाही, ॲसिटोन भुर्रकन पेटतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का, असं सगळे विचारतात. नको. त्यात तेल आणि वास घातलेला असतो, काहींत तर ॲसिटोनच नसतो. नायलॉनला दोन ट्यूबवाला इपॉक्सी बरा, पण पृष्ठभाग पॉलिश पेपरनं नीट खरवडून घेतला तरच. पीपीला यातलं काहीच धरत नाही. त्याला वितळवून जोडायचं, नाहीतर नट-बोल्ट.

गॅरेजात सवयीनं सगळं पेट्रोलनं पुसतात, तेही टाळा. मागं तेलकट थर राहतो आणि ताणाखाली असलेल्या एबीएसला त्यानं बारीक तडे जाऊ शकतात. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं. साबणाच्या पाण्यानं धुऊन खणखणीत वाळवा. खानापूर भागात जुलैत ‘वाळवा’ म्हणणं सोपं, करणं अवघड, हे मान्य. मी खटका रात्रभर फ्रीजच्या मागं ठेवते.

सोल्डरिंग आयर्ननं वितळवणारे बहुतेक जण वरवरची साय पुसून मोकळे होतात. वरून गुळगुळीत, आत चीर तशीच. चिरेच्या दोन्ही बाजू आधी तासून व्ही आकाराची खाच करा, मग तिच्यात त्याच जातीचं प्लास्टिक भरा. पीपीसाठी ज्या डब्याच्या बुडाला त्रिकोणात 5 आकडा आहे त्याच्या पट्ट्या कापा. आत स्टीलची जाळी दाबली तर जोड कितीतरी पटींनी टिकतो. मी जुन्या चहाच्या गाळणीची जाळी वापरते. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नाही.

आणि चीर भरण्याआधी तिच्या टोकाला 2 मिमीचं छिद्र पाडा. हे केलं नाही तर बाकीची मेहनत पाण्यात. चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथं एकवटतो आणि ती पुढं सरकत राहते. गोल छिद्रात ताण विभागला जातो. टोक दिसत नसेल तर पांढऱ्या प्लास्टिकवर शाई लावून पुसा, चिरेत रेघ उरते. काळ्यावर खडूची पूड.

आता मामांनी सांगितलेली गोष्ट. गोंद तुकडे जागेवर धरतो, जोर पट्टीनं घ्यायचा. 2 मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी कापा, चारी कोपरे कानसीनं गोल करा आणि खटक्याच्या मागं, बॉक्सच्या आतून बसवा. टोकदार कोपरा ठेवलात तर नवी चीर नेमकी तिथूनच निघेल. पट्टी तुटक्या भागापुरती नको, दोन्ही बाजूंना शाबूत प्लास्टिकवर दोन-दोन बोटं तरी जायला हवी. 4 मिमीच्या बोल्टला साडेचारचं छिद्र पाडा, मागं लाकडाचा ठोकळा धरून, सावकाश. मोठे वायसर आणि नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला) नट लावा. पान्हा वायसर टेकला की थांबवायचा. आणखी आवळलं की प्लास्टिक हळूहळू दबत जातं आणि महिन्याभरात तोच नट खुळखुळतो. साध्या नटावर थ्रेडलॉक, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद, टाकायचा मोह आवरा, तो एबीएसला तडे पाडतो. पॉप रिव्हेट मारणार असाल तर फुगणाऱ्या बाजूला वायसर हवाच, नाहीतर ते प्लास्टिक फोडून बाहेर येतं. छिद्रांभोवती सिलिकॉन लावा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत.

पिन वाकली असेल तर सायकलचा स्पोक कापून बसवा. साधारण 2 मिमीचा असतो, पण आधी जुनी पिन मोजा. खिळा घालू नका, जाड पडतो आणि कान फाडतो.

एवढं करूनही खटका पुन्हा तुटत असेल तर तो निर्दोष आहे. बसून, दाबून बंद करावं लागेल एवढं सामान भरणं हे नेहमीचं कारण. खटक्यानं झाकण धरायचं असतं, सामान दाबायचं नसतं. झाकणाच्या कडेचं रबर बदलताना चुकीच्या जाडीचं बसवलं असेल तरी हेच होतं. कागदाची पट्टी झाकणात धरून बंद करा आणि ओढा. चारी बाजूंना सारख्याच ओढीनं सरकायला हवी. एका कोपऱ्यात फाटली तर झाकण वाकडं आहे, बिजागरी बघा. बॉक्स हातानं हलवल्यावर खालची प्लेट डुगडुगत असेल तर आधी तिचे बोल्ट बघा. ती डुगडुग प्रत्येक खड्ड्यात खटक्यापर्यंत पोचते.

बॉक्स गाडीच्या प्लेटला जखडणारा खालचा हुक तुटला असेल, तर मात्र यातलं काहीही करू नका, नवा घ्या. झाकण उघडलं तर कुंदा जातो, पण चोर्ल्याच्या वळणावर अख्खा बॉक्स सुटला तर तो मागून येणाऱ्याच्या अंगावर पडतो.