लाल भातात पांढरे दाणे? बियाण्याला दोष देण्यापूर्वी या चुका टाळा

सरद (पावसाळी) भाताची मळणी सुरू झाली की गोव्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "ज्योतीचं (लाल तांदळाच्या जातीचं) बियाणं बिघडलं, पांढरे दाणे निघतात." बियाणं बदलण्याआधी खळ्यावरची रास सोडा आणि उभ्या पिकात जा. एक लोंबी तोडा, तिचे दाणे हातावर सोला.

तांदळाचा लाल रंग फक्त कोंड्यात असतो, आणि तो थर आईच्या झाडाचा, म्हणजे दाणा ज्यावर लागतो त्या झाडाचा असतो. म्हणून एका लोंबीतले सगळे पक्व दाणे एकाच रंगाचे निघतात. काही फिकट, हिरवट दिसले तर ते अपक्व आहेत. म्हणजे कापणी घाईची होते आहे. अख्खा ठोंबच पांढऱ्या दाण्यांचा असेल तर भेसळ आहे. भात स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागावर दाणा धरणारा; दुसऱ्या झाडाच्या परागाने होणारं परपरागीकरण सहसा एक टक्क्याहून कमी. त्यामुळे शेजारच्या शेतातल्या जया या पांढऱ्या जातीच्या परागावर संशय घेण्याआधी मळणीयंत्र तपासा, आत अडकलेले दाणे जास्त घात करतात. बियाण्यासाठी राखलेला शेताचा तुकडा दुसऱ्या जातीपासून 3 मीटर दूर ठेवा आणि वेगळे ठोंब कापणीपूर्वीच उपटा. लोंब्या एकसारख्या लाल असूनही तांदूळ पांढरट दिसतो? मग गिरणीत कोंडा जास्त घासला गेला.

हौसेने संकर करणारे इथेच फसतात. पांढऱ्या मादीवर लाल जातीचे पराग टाकले तर त्या लोंबीत दाणे पांढरेच येणार. संकर फसला म्हणून ते फेकू नका! पेरा, त्या झाडावर लाल दाणे येतील, कारण लाल रंग प्रभावी आहे. बहुतेक पांढऱ्या जातींत सातव्या गुणसूत्रावरच्या आरसी (Rc) जनुकातला डीएनएच्या 14 बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला असतो, एवढाच तो फरक.

भाताचा मोकळेपणा मात्र आतल्या गरातल्या अमायलोजवर (स्टार्चच्या एका घटकावर) ठरतो, आणि गर हा दाण्याचा स्वतःचा. संकरित झाडाच्या एकाच लोंबीत त्यामुळे वेगवेगळ्या प्रतीचे दाणे असतात. ते एकत्र शिजवून वाणाचा निकाल देणं अन्यायाचं आहे; पुढच्या पिढ्यांत ओळी स्थिर, म्हणजे एकसारख्या होईपर्यंत थांबा.

वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) दाणा भरताना रात्री तापल्या की स्टार्चचे कण सैल बसतात, मधे हवा राहते आणि तांदळाचं पोट खडूसारखं दिसतं. हा दोष पुष्कळदा हवेचा असतो, म्हणून वाण किमान दोन्ही हंगामांत पाहा. उकडल्यावर ही पांढरी पोटं बहुतेक नाहीशी होतात, गिरणीत कणीही कमी पडते. उकड्या तांदळासाठीच पिकवणाऱ्याने केवळ पोट पांढरं म्हणून चांगला वाण टाकून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) तर दाण्याआधी खारं पाणी सोसण्याची ताकद बघा. ओल्ड गोवा इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने गोवा धान 1 आणि 2 हे वाण आपल्या कोरगुट या खारं पाणी सोसणाऱ्या पारंपरिक भातातूनच निवडले. तुमच्या घरी जुना कोरगुट असेल तर त्याचं बी वेगळ्या कणगीत ठेवा, नव्या वाणात मिसळू देऊ नका.